युरोबॅगकडे बघत जा

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

सोमवारपासून तुझी न्यूरो आयसीयूत रात्रपाळी. तिथे सगळ्यांचं लक्ष डोळ्यांच्या बाहुल्यांवर आणि सीटी स्कॅनवर. तू युरोबॅगही, म्हणजे लघवी साठणारी पिशवीही बघत जा, दर तासाला.

डोक्याला मार लागलेल्याची किडनी बहुधा धडधाकट असते. बिघडतो तो वरून येणारा हुकूम. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये तयार होणारं व्हॅसोप्रेसिन हे हार्मोन पिट्युटरी ग्रंथीच्या मागच्या भागातून रक्तात उतरतं आणि किडनीला पाणी राखायला लावतं. ते थांबलं की पाणी नुसतं वाहत सुटतं. लागोपाठ दोन तास 250-300 मिलीच्या वर लघवी, रंग नळाच्या पाण्यासारखा, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (लघवीचा दाटपणा) 1.005च्या खाली, रक्तातलं सोडियम 145च्या पुढे, असं दिसलं तर सिनियरला उठव, झोपमोडीची भीड नको. त्याआधी मॅनिटॉल, म्हणजे मेंदूवरचा दाब उतरवणारं औषध, कधी दिलं तेवढं चार्टवर बघ. त्यानेही लघवी धो धो होते, पण इतकी पातळ नसते. शिवाय रक्ताची ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या कणांचं प्रमाण) 320च्या वर गेल्यावरही मॅनिटॉल चालूच ठेवलं, तर किडनीलाच इजा होऊ शकते.

व्हॅसोप्रेसिनची जागा घेणारं औषध, डेस्मोप्रेसिन, ठरावीक वेळांना आपोआप चालू ठेवू नये. काही पेशंटमध्ये पाचव्या-सहाव्या दिवसाच्या सुमारास मेलेल्या पेशींतला व्हॅसोप्रेसिनचा साठा रक्तात झिरपतो, लघवी एकदम आटते आणि सोडियम कोसळतं. म्हणून लघवी पुन्हा वाढल्यावरच पुढचा डोस.

खरी फसगत होते सोडियम 135च्या खाली गेल्यावर. त्यामागे दोन वेगळे बिघाड असू शकतात. एकात व्हॅसोप्रेसिन जास्त, शरीरात पाणी साठतं. दुसऱ्यात किडनी मीठच बाहेर टाकते आणि पाणी त्याच्यामागे जातं. लघवीतलं सोडियम दोन्हींत 40च्या वर, त्यामुळे तो रिपोर्ट उपयोगाचा नाही. वजन, नाडी, बीपी, इनटेक-आउटपुट बघ. वजन घटतंय, नाडी पळतेय, आउटपुट जास्त आहे, तर मीठच जातंय. अशा पेशंटचं पाणी तोडलं तर मेंदूचा रक्तपुरवठा घटतो. त्याला सलाईन हवं. झटका (फिट) आला तर 3 टक्के सलाईन, 150 मिली, वीस मिनिटांत. मात्र चोवीस तासांत सोडियम 8-10पेक्षा जास्त चढू द्यायचं नाही, नाहीतर मेंदूच्या देठातल्या मज्जातंतूंचं आवरण झडतं.

तरण्या पेशंटचं क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा) 0.5 बघून खूश होऊ नकोस. त्याची किडनी अँटिबायोटिक्सही झपाट्याने बाहेर टाकत असेल, नेहमीचा डोस कमी पडेल.

आणि बॅगवरच्या रेघांवर विसंबू नकोस. युरोमीटर (तासाची लघवी मोजायचा डबा) नसेल तर मापाच्या भांड्यात ओतूनच आकडा लिही.

तुझी,
आई