बंद घरांच्या राखणीत गावालाही सामील करून घ्या

महोदय,

दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी लागली की ‘बंद सदनिकेचे कुलूप तोडून ऐवज लंपास’, ‘दुकानाचे शटर उचकटून रोकड पळवली’ अशा बातम्या रोज वाचायला मिळतात आणि त्याच सुमारास मोबाइलवर पाहता येणारे कॅमेरे बसवून घेण्याची घाई सुरू होते. कोकणात मात्र हा प्रश्न सुट्टीपुरता नाही. शिमगा, मे महिना आणि गणपती सोडले तर रत्नागिरी-सिंधुदुर्गातील कित्येक वाड्यांमध्ये ओळीने घरे कुलूपबंद असतात. राजापूर तालुक्यातील आमचे घरही त्यांपैकीच एक आहे. शहरेही याला अपवाद नाहीत. केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणी अहवालात २०११ च्या जनगणनेच्या आधारे दिलेली माहिती अशी, की देशात सर्वाधिक रिकामी घरे मुंबईत असून त्यांची संख्या सुमारे ४.८ लाख होती.

कॅमेरा चोर दाखवतो, पण त्याला अडवायला तिथे कोणीतरी पोहोचावे लागते, याचा विचार उपकरण विकणारे आणि घेणारे दोघेही क्वचितच करतात. डोंबिवलीत झोपलेल्या माणसाच्या मोबाइलवर रात्री दोन वाजता गावच्या पडवीत शिरलेली अनोळखी व्यक्ती दिसली, तर त्याने करायचे काय? शेजारच्या घरालाही कुलूप आहे आणि वाडीत उरलेत ते सत्तरीतले काका-काकू. ११२ क्रमांकावर फोन केला तर तो राज्याच्या मध्यवर्ती केंद्रात जातो आणि तेथून संबंधित पोलीस ठाण्याला कळवले जाते, ही व्यवस्था चांगली आहे. परंतु पोलिसांची गाडी दूरच्या वाडीपर्यंत घाटरस्त्याने पोहोचेपर्यंत बराच वेळ जातो. शिवाय मालक नोकरीसाठी बंगळुरूला असेल, तर त्याचा ११२ चा फोन कर्नाटकच्या केंद्रात लागतो.

आंध्र प्रदेश पोलिसांनी बंद घरांसाठी ‘एलएचएमएस’ नावाची यंत्रणा उभी केली. बाहेरगावी जाणाऱ्याने अ‍ॅपवर तारखा कळवायच्या, पोलिसांनी घरात हालचाल टिपणारा कॅमेरा बसवायचा आणि कोणी आत शिरले तर इशारा थेट पोलीस नियंत्रण कक्षात वाजायचा, अशी तिची रचना आहे. केरळ पोलिसांच्या ‘पोल-अ‍ॅप’वरही बंद घराची नोंद करून १४ दिवसांपर्यंत लक्ष ठेवण्याची विनंती करता येते. आपल्याकडे वर्षातले दहा-दहा महिने बंद राहणाऱ्या घरांना हे दोन्ही नमुने जसेच्या तसे लागू पडणार नाहीत. मात्र आपल्याकडे जे आहे ते त्यांच्यापेक्षा कमी मोलाचे नाही. महाराष्ट्रातील अनेक गावांत ‘ग्रामसुरक्षा यंत्रणा’ सुरू आहे. टोल फ्री क्रमांकावर फोन करून बोललेला संदेश परिसरातील नोंदणी झालेल्या सर्व मोबाइलवर त्याच क्षणी ऐकू जातो आणि चोर, बिबट्या, आग किंवा पूर अशा वेळी माणसे धावून येतात. बंद घराच्या दारावरील सेन्सरचा इशारा मालकाबरोबरच पोलीस पाटील आणि ग्रामसुरक्षा दलातील दोघा-तिघांना जावा आणि त्यांनी खातरजमा करून या यंत्रणेवरून गावाला जागे करावे, एवढी जोड द्यायला फार खर्च येणार नाही. पोलीस पाटलांना मात्र या जबाबदारीचा वेगळा मोबदला मिळायला हवा.

खातरजमा आवश्यक आहे, कारण हालचाल टिपणारे स्वस्त सेन्सर शरीराच्या उष्णतेतील फरक ओळखतात आणि त्यांना माणूस व मांजर यांतला फरक बहुधा कळत नाही. कौलारू घरात मांजर, उंदीर, उदमांजर, कौले सरकवणारी वानरे हे सारे येऊन जातात. चार वेळा खोटा इशारा आला की पाचव्यांदा कोणी उठत नाही. म्हणून अशा घरांत दारे-खिडक्यांना चुंबकीय सेन्सर लावणे अधिक भरवशाचे, कारण तो दार उघडले तरच वाजतो. दुसरी अडचण विजेची. पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते ती कधी कधी दोन-दोन दिवस येत नाही, आणि ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागातील काही गावे कित्येक आठवडे अंधारात होती. राउटर बंद पडला की वायफाय कॅमेरा निरुपयोगी होतो. बॅटरीवर चालणारी आणि सिमकार्डवरून साधा एसएमएस पाठवणारी यंत्रणा दिसायला जुनाट असली, तरी कोकणासाठी तीच योग्य आहे. दुकानदारांनीही एक पथ्य पाळावे. चोर जाताना डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचे चित्रीकरण साठवणारी पेटी, उचलून नेतात आणि सगळे चित्रीकरण त्याच्याबरोबर जाते, त्यामुळे त्याची प्रत दुसरीकडे साठवली जाईल अशी सोय आधीच करून घ्यावी.

कॅमेरा इंटरनेटला जोडला की दुसरेच दार उघडते, ही गोष्टही गांभीर्याने घ्यायला हवी. राजकोटमधील एका प्रसूतिगृहातील महिला रुग्णांचे चित्रीकरण बाहेर गेल्याचे प्रकरण फेब्रुवारी २०२५ मध्ये उघडकीस आले, तेव्हा कारखान्यातून आलेला सोपा पासवर्ड तसाच ठेवल्याचे तपासात पुढे आले होते. एप्रिल २०२५ पासून बाजारात येणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेची चाचणी केंद्राने सक्तीची केली आहे, पण त्याआधी बसवलेल्या कॅमेऱ्यांचे काय, हा प्रश्न उरतोच. त्यांचे पासवर्ड बदलून देण्याचे काम ग्रामपंचायती आणि गृहनिर्माण संस्थांनी आपापल्या भागात हाती घ्यावे.

सर्वांत जास्त जपायला हवी ती बंद घरांची यादी. कोणते घर कोणत्या तारखेपर्यंत रिकामे आहे, ही माहिती चोराच्या हाती लागली तर त्याला आणखी काही शोधावे लागणार नाही. ही यादी गावाच्या किंवा सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कदापि फिरू नये, ती पोलीस ठाण्यातच राहावी, कोणी कधी पाहिली याची नोंद ठेवली जावी आणि मालक परतल्यावर त्याचे नाव त्यातून काढले जावे. येत्या गणपतीत चाकरमानी गावी असतील, तेव्हाच राजापूर, लांजा आणि संगमेश्वर या तालुक्यांतील काही गावांत घरमालकांची संमती घेऊन सेन्सर बसवावेत आणि अनंत चतुर्दशीनंतर घरांना पुन्हा कुलपे लागण्यापूर्वी यंत्रणेची एक रंगीत तालीम घ्यावी, अशी रत्नागिरीच्या पोलीस अधीक्षकांना आणि जिल्हा परिषदेला माझी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, डोंबिवली