दगड-धोंड्यांत कशाला जातेस?

संपादक महोदय,

बारावीच्या निकालानंतर भाचीला घेऊन वाशीतल्या एका करिअर मेळाव्याला गेले होते. तिला भूविज्ञान घ्यायचंय, पुढे लघुग्रह कशाचे बनलेत ते शोधायचंय. समुपदेशकांनी मार्क पाहिले आणि म्हणाले, "एवढे मार्क असताना दगड-धोंड्यांत कशाला जातेस?" परतीच्या ठाणे लोकलमध्ये पोरगी ऐरोलीपर्यंत गप्प होती.

मी रबाळ्याला औषध कंपनीत २६ वर्षं क्वालिटी कंट्रोलला होते. कच्च्या मालाचा नमुना पोटॅशियम ब्रोमाइडबरोबर खलात घोटायचा, दाबून काचेसारखी टिकली करायची आणि आयआर मशीनमध्ये (पदार्थ अवरक्त प्रकाशाचा कोणता भाग शोषतो ते आलेखात दाखवणारं यंत्र) लावायची. पावसाळ्यात टिकली हवेतलं पाणी ओढून पांढुरकी पडे आणि आलेखात ३४०० तरंगसंख्येच्या (म्हणजे साधारण २.९ मायक्रॉन तरंगलांबीच्या) आसपास पाण्याचा भला मोठा खड्डा येई. की पुन्हा पहिल्यापासून.

त्या खड्ड्यावर मी जन्मभर वैतागले आणि लघुग्रहांचे अभ्यासक त्याच भागात पाण्याची खूण शोधत असतात! दगडावरून परतलेला सूर्यप्रकाश घेऊन ते आलेख काढतात. १ आणि २ मायक्रॉनपाशी खड्डे असले तर पायरॉक्सिन नावाचं खनिज, ३ च्या आसपास असला तर पाणी मुरलेली खनिजं. २०१८ मध्ये बेन्नू या लघुग्रहाजवळ पोचलेल्या नासाच्या ओसायरिस-रेक्स यानाला तो पाण्याचा खड्डा २.७ पाशी दिसला. २०२३ मध्ये तिथून पृथ्वीवर उतरलेल्या १२१.६ ग्रॅम नमुन्यात तशी चिकणमातीची खनिजं खरंच निघाली. लांबून काढलेला रिपोर्ट हातातल्या नमुन्याशी जुळला, यातलं सुख लॅबमध्ये उभं राहिलेल्याला विचारा.

या वाटेवर आपली माणसंही आहेत. ॲरिझोना विद्यापीठातले लघुग्रहांचे अभ्यासक विष्णू रेड्डी आधी भारतात पत्रकार होते. व्हेस्टा लघुग्रहावरचा काळा माल बाहेरून आदळलेल्या कार्बनयुक्त दगडांचा आहे, हे मांडणाऱ्यांत ते पुढे होते.

आपल्या करिअर पुरवणीत ही वाट कृपया छापा. भूविज्ञान, रसायन किंवा भौतिकशास्त्रात बीएससी, मग जॅम (आयआयटी वगैरे संस्थांतल्या एमएससीची प्रवेश परीक्षा) देऊन एमएससी (पवईची आयआयटी तर आमच्या खाडीपुलापलीकडेच आहे), पुढे अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीसारख्या ठिकाणी पीएचडी. वर्षं बरीच जातात, पगार उशिरा सुरू होतो, हेही लपवू नका. पण प्रवेशाची मुदत संपायच्या आत छापा. आमच्या घरी अर्ज अजून भरायचाय.

– एक निवृत्त केमिस्ट, ऐरोली