एका बैठकीत पंचवीस वर्षांची सही

महोदय,

उन्हाळी सुट्टी जवळ आली की मॉलमध्ये आणि पेट्रोल पंपांवर 'लकी ड्रॉ'ची कुपने भरून घेणारी मुले दिसू लागतात आणि आठवडाभरात 'बक्षीस लागले आहे, मात्र पती-पत्नी दोघांनी येणे आवश्यक आहे' असा फोन येतो. सहा वर्षांपूर्वी असाच फोन आल्यावर माझे यजमान आणि मी एका हॉटेलात गेलो. साडेतीन तास चाललेल्या बैठकीत 'ही सवलत फक्त आजच' असे वारंवार बजावण्यात आले, करारपत्र घरी नेऊन वाचण्याची माझी विनंती टाळण्यात आली आणि अखेर चार लाख रुपयांच्या टाइमशेअर सदस्यत्वावर, म्हणजे कंपनीच्या रिसॉर्टमध्ये दरवर्षी ठरावीक रात्री राहण्याच्या आगाऊ विकत घेतलेल्या हक्कावर, आम्ही सह्या केल्या. मुदत २५ वर्षे, दरवर्षी सात रात्री.

कंपनी वर्षाचे हंगाम पाडून त्यांना रंग देते आणि सदस्याला आपल्या रंगाच्या हंगामातच राहता येते, हा अर्थ नंतर उमगला. नातवंडांना मे महिन्यात किंवा दिवाळीत सुट्टी असते, तर आमच्या वाट्याच्या रंगात प्रामुख्याने पावसाळा येतो. वार्षिक देखभाल शुल्क मात्र गेलो नाही तरी भरावेच लागते, ते थकले तर आरक्षण मिळत नाही आणि ते वाढत वाढत आता १८ हजारांवर गेले आहे. मूळ रकमेचे वर्षाचे १६ हजार धरले, तर प्रवास आणि जेवण सोडून एका रात्रीला सुमारे ४,९०० रुपये पडतात. त्यात बुडालेले व्याज धरलेलेच नाही. एवढे करून कोणत्याही जागेवर आमचे नाव लागत नाही आणि सदस्यत्व विकायचे म्हटले तर घेणारा सापडत नाही.

युरोपीय संघाच्या २००८ च्या निर्देशानुसार टाइमशेअर घेणाऱ्यास कोणतेही कारण न देता १४ दिवसांत करारातून माघार घेता येते आणि त्या मुदतीत विक्रेत्याला आगाऊ रक्कम घेता येत नाही. आपल्याकडे काही कंपन्या अशी सवलत स्वतःहून देतात, पण तिची माहिती सहीआधी ठळकपणे मिळेलच असे नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अनुचित करारा'ची तरतूद आहे. परंतु त्याविरुद्धची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येत नाही, राज्य किंवा राष्ट्रीय आयोगाकडेच जावे लागते, आणि सत्तरीच्या दाम्पत्याला ते झेपणारे नाही. तेव्हा केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्रालयाने माघारीची १४ दिवसांची मुदत सक्तीची करावी आणि तोपर्यंत ग्राहकाकडून एक रुपयाही घेण्यास मनाई करावी.

– एक निवृत्त शिक्षिका, नाशिक