चेंडूच्या वेगाची गोष्ट

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

फळीने चेंडू उडवून विटा फोडायचा जो कॉम्प्युटरवरचा खेळ मी रचून तुला पाठवला होता, त्याबद्दलचे तुझे पत्र मिळाले. "हा खेळ तू माणसांसाठी केला आहेस की यंत्रांसाठी?" ही त्यातली पहिलीच ओळ इतकी झोंबली की उत्तर लिहायला बसेपर्यंत तीन आठवडे उलटले. चेंडू सुटतो न सुटतो तोच खाली पडलेला असतो आणि फळी सरकवायलाही वेळ मिळत नाही, अशी तुझी तक्रार आहे. प्रथम मला तुझाच राग आला, कारण माझ्या लॅपटॉपवर तोच चेंडू शहाण्या मुलासारखा चालतो आणि त्याचा वेग जमवण्यात मी अख्खा महिना घालवला आहे. मग पत्राच्या शेवटी, नव्या मॉनिटरची बढाई मारताना, तो सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलतो असे तू लिहिलेले वाचले आणि माझी ट्यूब पेटली.

चूक माझीच होती. दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरचे चित्र बदलेल त्या प्रत्येक वेळी, चेंडू १० पिक्सेल (पडद्यावरचे ठिपके) पुढे सरकवावा, एवढेच मी कोडमध्ये लिहिले होते. माझा पडदा सेकंदाला ६० फ्रेम दाखवतो, त्यामुळे चेंडू सेकंदाला ६०० पिक्सेल जातो. तुझ्याकडे तोच हिशेब १,४४० पिक्सेलवर पोहोचतो, म्हणजे वेग बरोबर २.४ पट. मी वेग ठरवला आहे असे मला वाटत होते, प्रत्यक्षात तो माझ्या पडद्याने ठरवला होता.

ही चूक नवी नाही, एवढेच काय ते समाधान. आयबीएमने १९८१ साली आणलेल्या पर्सनल कॉम्प्युटरचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झवर चालत असे, आणि त्या काळातल्या अनेक खेळांनी तोच वेग कायमचा गृहीत धरला होता. पुढे वेगवान यंत्रे आली तेव्हा ते खेळ तुझ्याकडच्या माझ्या चेंडूसारखे उधळले. म्हणून कॉम्प्युटरच्या पेटीवर 'टर्बो' नावाचे एक बटण बसवले जाऊ लागले. नावावरून वाटते ते वेग वाढवण्यासाठी असावे, पण त्याचा खरा उपयोग जुन्या प्रोग्रामांसाठी यंत्र मुद्दाम सावकाश चालवण्याचा होता. ज्या बटणाचे नाव 'धाव' आणि काम 'थांब' असे आहे, ते ज्याला सुचले त्याच्याशी माझे नक्की जमले असते.

आता खरी गोष्ट सांगतो. दोन महिन्यांपूर्वी मी माझ्या ब्लॉगसाठी 'स्पेस इन्व्हेडर्स' या जुन्या व्हिडिओ गेमवर एक लेख लिहायला घेतला होता. तोमोहिरो निशिकादो यांनी हा खेळ तैतो कंपनीसाठी तयार केला आणि तो १९७८ साली आला, हे तुला ठाऊक असेलच. पाच रांगांत अकरा-अकरा असे ५५ परग्रहवासी डावी-उजवीकडे सरकत खाली उतरतात, आणि आपण जसजसे त्यांना टिपत जातो तसतसे उरलेले अधिकाधिक वेगाने धावू लागतात. शेवटचा एकटा उरलेला तर असा पळतो की तळहाताला घाम फुटतो. खेळाचा ताण चढत जावा म्हणून निशिकादो यांनी वेगाची ही चढण विचारपूर्वक आखली, असे वाक्य मी मोठ्या थाटात लिहून टाकले. पुढच्या वाक्यात ती कशी आखली हे सांगायचे होते, आणि तिथेच लेखणी अडली.

शोधत गेलो तेव्हा कळले की मुळात तशी आखणी नव्हतीच. त्या यंत्रात सुमारे २ मेगाहर्ट्झवर चालणारा इंटेलचा ८०८० प्रोसेसर होता आणि ५५ आकृत्या एकाच वेळी हलवणे त्याच्या आवाक्याबाहेरचे होते. म्हणून एका फ्रेममध्ये एकच आकृती हलवली जाई. ५५ जण असताना सगळ्यांची एक पाळी पूर्ण व्हायला ५५ फ्रेम, म्हणजे जवळजवळ एक सेकंद लागे. पाचच उरले की पाच फ्रेममध्ये पाळी फिरे. एकटा उरला की त्याची पाळी दर फ्रेमला. यंत्राचा भार हलका झाला की शत्रू आपोआप चपळ होई. निशिकादो यांनी हे पाहिले, त्यातली मजा ओळखली आणि तसेच राहू दिले. माझे ते थाटातले वाक्य मी खोडले, आणि लेख आजही अर्धाच पडून आहे. मात्र तो अडला नसता तर स्वतः एखादा खेळ रचून पाहावा असे माझ्या मनात आले नसते आणि तुझ्या पदरात तो उधळलेला चेंडूही पडला नसता.

ब्लॉग कोणी वाचत नसेल तर लिहितोस कशाला, असे तू मागे एकदा विचारले होतेस. खेळताना मला सगळे कळते आहे असे वाटते. मित्राला तोंडी सांगतानाही ते वाटणे टिकते, कारण हातवारे करून निभावून नेता येते. लिहिताना मात्र 'कसे' या शब्दाशी गाठ पडते आणि हातवारे कामाला येत नाहीत. मला वाचकांची संख्या वाढलेली आवडेल, हे खोटे कशाला बोलू, पण ती शून्य असली तरी हे काम होतेच.

'ब्लॉग' या शब्दाचीही एक गंमत आहे. जॉर्न बार्जर यांनी १९९७ साली 'वेबलॉग' हा शब्द काढला आणि १९९९ मध्ये पीटर मेरहोल्झ यांनी 'वुई ब्लॉग' अशी त्याची विनोदाने फोड केली. त्या फोडीतला 'ब्लॉग'च रूढ झाला. त्यातला 'लॉग' आला जहाजावरून. पूर्वी खलाशी दोरीला लाकडाचा तुकडा, म्हणजे 'लॉग', बांधून तो पाण्यात सोडत, दोरीवर ठराविक अंतरावर गाठी असत, आणि वाळूचे घड्याळ रिकामे होईपर्यंत किती गाठी हातातून सरकल्या यावरून जहाजाचा वेग काढत. तो वेग ज्या वहीत टिपला जाई ती लॉगबुक. म्हणजे अंतर किती गेले हे एकटे पाहून भागत नाही, तेवढ्यात वेळ किती गेला हेही मोजावे लागते. चार वर्षे मी ब्लॉग लिहितो आहे, पण माझ्या कोडमध्ये वाळूचे घड्याळच नव्हते!

ते मी आता बसवले आहे. मागच्या फ्रेमपासून किती वेळ गेला हे दर वेळी मोजायचे आणि त्या वेळेला ६०० ने गुणून जितके पिक्सेल येतील तितका चेंडू सरकवायचा. हे लिहून मी खूश झालो, आणि त्याच संध्याकाळी चेंडू विटेला न फोडता तिच्या आरपार गेला. माझ्या लॅपटॉपच्या पंख्यात धूळ साचली आहे. तापला की प्रोसेसर स्वतःला सावरण्यासाठी वेग कमी करतो आणि मधूनच एखादी फ्रेम १०० मिलिसेकंद खाते. तेवढ्यात चेंडूला ६० पिक्सेलची उडी मिळते, आणि वीट तर २० पिक्सेल जाडीची! उडीआधी चेंडू विटेच्या अलीकडे, उडीनंतर पलीकडे, आणि टक्कर झाली का असे प्रोग्राम विचारतो ते केवळ या दोन ठिकाणी. दोन्हीकडे उत्तर 'नाही'. जुन्या चुकीत चेंडू निदान विटेला ओळखत तरी होता.

यावरचा उपाय किराणा उधार आणणाऱ्याच्या खातेवहीसारखा आहे. गेलेला वेळ खात्यात जमा करायचा आणि सेकंदाच्या १२० व्या भागाएवढ्या सारख्या हप्त्यांनी खर्च करायचा. प्रत्येक हप्त्याला चेंडू ५ पिक्सेल सरकतो आणि विटेची चौकशी होते. पूर्ण हप्ता न भरणारी शिल्लक पुढच्या फ्रेमला जाते. यंत्र फारच मागे पडले तर हप्ते फेडण्यातच त्याचा वेळ जाऊन थकबाकी वाढत राहील, म्हणून एका फ्रेमला किती हप्ते फेडायचे याला मर्यादा घातली आहे आणि उरलेली बाकी चक्क माफ केली आहे. पंखाही साफ करायचा आहे, पण तो साफ केला असता तर ही चूक मला दिसलीच नसती, म्हणून सध्या धुळीवर माझा राग नाही.

नवी प्रत या पत्रासोबत पाठवतो आहे. मैदान १,२०० पिक्सेल रुंद आहे. सुरुवातीला 'चाचणी' निवडलीस की चेंडू विटांशिवाय एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सरळ जाईल, आणि त्याला २ सेकंद लागले पाहिजेत. मॉनिटर आधी १४४ वर ठेवून आणि मग ६० वर आणून दहा-दहा फेऱ्या स्टॉपवॉचने मोज, आणि दोन्हींचे आकडे मला कळव. २० सेकंदांहून कमी भरले, तर तुझे ते पहिले वाक्य पुन्हा लिहायला तुला माझी हरकत नाही.

तुझा,
चेंडूवाला मित्र