हाय एंड शो यंदा म्युनिकला नाही, व्हिएन्नाला आहे!

मंडळी, परत एकदा आठवण करून देतोय कारण अजून काही जणांच्या डोक्यात म्युनिकच बसलंय. २००४ पासून म्युनिकच्या एमओसी प्रदर्शन केंद्रात भरणारा हाय एंड शो (भारी ऑडिओ सिस्टिमचं प्रदर्शन) २०२५ ला तिथे शेवटचा झाला, आता ४ ते ७ जून २०२६ ला ऑस्ट्रिया सेंटर व्हिएन्ना. यू-१ मेट्रोने काइझरम्यूलेन-व्हीआयसी स्टेशनला उतरायचं, हॉल अगदी जवळच आहे. म्युनिकला पहिला दिवस ट्रेडवाल्यांसाठी राखीव असायचा, म्हणून तिकीट काढताना कुठल्या दिवसाचं आहे ते नीट बघा. पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांनी शेंगेन व्हिसाची अपॉइंटमेंट आत्ताच घ्या, प्लीज.

आता मेन मुद्दा. स्वतःची ओळखीची गाणी फ्लॅकमध्ये (क्वालिटी न घटवता साठवणारा फाइल फॉरमॅट) पेनड्राइव्हवर घेऊन या आणि विनंती करून तीच लावायला सांगा, कारण डेमोचे ट्रॅक त्या स्पीकरला शोभतील असेच निवडलेले असतात. शक्यतो मधल्या रांगेत बसा, मागच्या भिंतीला टेकून बसलात तर बेस फुगलेला ऐकू येतो आणि उगाच सबवूफर भारी वाटतो. दोन सिस्टिम कंपेअर करताना आवाज सारखा ठेवायला सांगा, एक-दोन डेसिबल जरी जास्त असेल ना तरी कान त्यालाच चांगलं म्हणतो! होम थिएटरवाल्यांनी ७.१.४ च्या (भोवती सात स्पीकर, एक सबवूफर, वर चार) डेमोत छतावरच्या चार स्पीकरकडे लक्ष द्या, पाऊस खरंच डोक्यावर पडतोय असं वाटलं पाहिजे, नुसता वरून आवाज येऊन उपयोग नाही.

येणाऱ्यांनी ग्रुपवर नाव आणि दिवस टाका, म्हणजे एकत्र फिरता येईल.