बैल मागितला, शेळी मिळाली: डीएम ताईंचे आभार

नमस्कार ताई,

तोंडावर बोललो असतो तर तुम्ही "गप बस, डाइस टाक" म्हणला असता, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितोय. (नवीन वाचणाऱ्यांसाठी: आम्ही रविवारी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतो, डाइस टाकून गोष्ट पुढं न्यायचा गेम. प्रत्येकाचं एक कॅरेक्टर, म्हणजे पात्र, असतं, आणि गोष्ट व नियम सांभाळणारा तो डीएम.) बाकीच्यांनी पण वाचावं, खास करून आपल्या फायटरवाल्या (लढणारं पात्र घेतलेल्या) भावानं, ज्यानं पहिल्याच दिवशी माझ्या गेममधल्या शेळीकडं मटणाच्या नजरेनं बघितलं होतं.

तुम्हाला माहिती नसंल, पण तुमच्याकडं यायच्या आधी मी एका ऑनलाइन ग्रुपात खेळायचो. तिथं कॅरेक्टर बनवताना विचारलं, बीस्ट मास्टर रेंजर (सोबत जनावर घेऊन फिरणारा रानातला शिकारी) घेऊ का. उत्तर आलं, "तो कमजोर आहे, दुसरं काहीतरी घे." का कमजोर, काय केलं तर चालंल, काही नाही, विषय संपला. मग मी उगंच विझार्ड, म्हणजे जादूवाला, घेतला आन् दोन महिने एक फायरबोल्ट (आगीचा मंत्र) मारून मोबाइल बघत बसलो.

त्यामुळं लातूरला तुमच्या रूमवर पहिल्या रविवारी आलो तेव्हा तयारीनंच आलो होतो भांडायच्या. म्हणलं, मला रेंजर पाहिजे आणि सोबत देवणी बैल पाहिजे, शेवरा, पांढऱ्यावर काळे ठिपके असलेला. मला वाटलं आता नाही म्हणणार. तुम्ही चहाचा कप खाली ठेवला आणि नांदेडी स्टाइलनं विचारलं, "बैल कामून पाहिजे रे?"

असं मला कुणी विचारलंच नव्हतं. मग सांगितलं सगळं, 2016 चा उन्हाळा, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायलं होतं आणि आमच्या आजोबांनी हाळीच्या बाजारात बैलजोडी विकली, खरेदीदारानं उपरण्याखाली बोटं दाबून भाव केला, आजोबांनी हात काढून घेतला, परत दिला, परत काढला. मी बाजूला उभा होतो, आत काय चाललंय मला दिसत नव्हतं, आजोबांचं तोंड तेवढं दिसत होतं. तर म्हणलं मला ताकद नको ताई, शेवटपर्यंत सोबत राहील असं जनावर पाहिजे.

तुम्ही पुस्तक माझ्याकडं फिरवलं. 2014 चा नियम, रेंजरचं जनावर मीडियम आकारापेक्षा मोठं नको, चॅलेंज रेटिंग (ते लढायला किती अवघड तो आकडा) पाव किंवा त्याच्या खाली. बैल लार्जमध्ये, म्हणजे त्याच्या वरच्या आकारात, जातो. शिवाय तुम्ही म्हणालात, "नळदुर्गासारखा किल्ला आखलाय मी, बंधाऱ्याच्या पोटातल्या पाणीमहालात उतरायचंय तुम्हाला, त्या अरुंद जिन्यात बैल अडकला तर चार तास तेच खेळत बसू." हे पटलं ना मला. 'नाही'च्या मागं काहीतरी असलं की माणसाला राग येत नाही. मग तुम्ही म्हणालात शेळी घे, मीडियम आहे, जिना चढती, 20 फूट धावत येऊन ढुशी दिली की समोरच्याला पाडू शकती. मला आधी अपमान वाटला खरं. पण रंग काळा ठेव म्हणालात, उस्मानाबादी, आणि मी तिथंच पाघळलो. काळी नाव ठेवलं.

पण खरे आभार पुढच्या गोष्टीचे. दोन रविवार खेळल्यावर कळलं की जुन्या नियमानं काळीला ढुशी मारायला लावायचं तर माझी स्वतःची ॲक्शन, म्हणजे माझ्या पाळीतलं मुख्य काम, जाती. म्हणजे एकतर मी बाण मारणार नाहीतर ती ढुशी मारणार, दोघांनी मिळून काही होत नव्हतं. मी कुरकुर केली, तीपण रात्री साडेअकराला मेसेज करून, सॉरी त्याबद्दल. तुम्ही दुसऱ्या दिवशी बँकेच्या जेवणाच्या सुट्टीत फोन केला आणि सांगितलं की 2020 ला कंपनीनं स्वतःच नवा पर्याय काढला, त्यात बोनस ॲक्शनवर, म्हणजे पाळीतल्या जादाच्या छोट्या कामावर, जनावराला हुकूम देता येतो. आणि म्हणालात, 1974 ला गेम निघाला तेव्हा तीनच क्लास होते, लढणारा, जादूवाला आणि पुजारी, चोरसुद्धा 1975 ला वरून आला, तवा नियम काय दगडावरची रेघ नाही. पण फुकट काही मिळणार नाही.

मग झाला आपला सौदा. तिसऱ्या लेव्हलला जुन्या नियमानं काळीचे हिट पॉइंट (किती मार सोसंल तो आकडा) 12, नव्या पर्यायातल्या जनावराचे 20. मी म्हणलं 20 द्या. तुम्ही म्हणालात बोनस ॲक्शन पण घेणार आणि 20 पण, मग फायटर काय टाळ्या वाजवायला येतो का? आणि खरंच त्याला विचारलं तुम्ही, सगळ्यांसमोर, की तुला चालंल का. तो म्हणला याला दोन माणसांचा टर्न भेटायलाय. शेवटी 16 वर सौदा ठरला. तीन रविवार ट्रायल, आणि नव्या नियमात मेलेलं जनावर स्पेल स्लॉट (मंत्रांचा मोजका साठा) खर्चून उठवता येतं ते बंद, काळी मेली तर मेली. या अटीला मीच आधी हो म्हणलो, कारण मेल्यावर उठती असं माहिती असलं की आपण जनावराला पुढं ढकलतोच.

त्यानंतरचा पाणीमहाल आठवतो ना? बंधाऱ्याच्या भिंतीवर पहारेकरी, मी बाण मारला तो हुकला, काळी धावली, तुम्ही पडद्यामागं डाइस टाकला आणि तोंड असं केलं की आम्हाला आधीच कळलं. पहारेकऱ्याला उभं राहायला 10 लागत होते, सगळे मिळून 4 झाले. पहारेकरी खाली नदीत. फायटरवाला उठून नाचला, तोच, ज्याला दोन टर्नचं दुखणं होतं. काळीचे त्या दिवशी 3 पॉइंट उरले होते. 12 वर अडून बसला असता तर ती तिथंच गेली असती, हिशोब केलाय मी.

दिवसभर बँकेत लोकांशी डोकं लावून परत रविवारी आमच्याशी डोकं लावता, एकेका पोराला "तुला नेमकं काय पाहिजे" विचारत बसता, त्याबद्दल मनापासून आभार ताई. आजोबांना काळीबद्दल सांगितलं, त्यांना गेम कळला नाही, पण 16 ला सौदा ठरला म्हणल्यावर म्हणले, बाई हुशार आहे.

रविवारी येतो. भजी मी आणतो. आणि एक विषय आत्ताच काढून ठेवतो, उस्मानाबादी शेळीला बऱ्याचदा जुळी होतात, तर काळीच्या पिल्लांचे हिट पॉइंट किती धरायचे ते बघून ठेवा.

तुमचा,
रेंजर (आणि काळी)