पावसाच्या आकड्यांशेजारी पाखरांनाही चार ओळी द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रोहिणी सरत आल्या की आपल्या दैनिकात पावसाची चौकट सुरू होते. तालुकावार मिलिमीटर, धोम-कोयनेचा साठा, मान्सून कुठवर आला त्याचा नकाशा. शिवाय मृगाचं वाहन म्हैस की कोल्हा, हेही न चुकता छापून येतं. वाहनाबद्दल तक्रार नाही, आमच्या घरी तेच आधी वाचलं जातं. पण पंचांगातल्या बेडकाला आणि मोराला जागा मिळते, तर परसात खरोखर येणाऱ्या-जाणाऱ्या पाखरांनाही आठवड्याला चार ओळी मिळाव्यात, एवढं मागण्यासाठी हे पत्र.

पाखरं पेपरात येतच नाहीत असं नाही. मे महिन्यात पावशा हटकून येतो. ‘पावशाची साद, बळीराजा लागला तयारीला’ अशा थाटाची बातमी आणि सोबत कुठल्या तरी भलत्याच पक्ष्याचा फोटो. आता पावशा ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’ म्हणतो हे आपल्या कानाला तसं ऐकू येतं म्हणून. तो ओरडतो ते जोडीदारासाठी आणि आपला इलाखा राखायला. त्याची अंडी सातभाई या दुसऱ्याच पाखरांच्या घरट्यात जायची असतात, तेव्हा त्याचं वेळापत्रक सातभाईंच्या विणीशी बांधलेलं. आमच्याकडे तो उन्हाळ्यातच सुरू होतो आणि ढग दाटले की रात्री-बेरात्रीही थांबत नाही. 2023 मध्ये मान्सून मुंबईत पोचायला 25 जून उजाडला. 2025 मध्ये तो 26 मेलाच दाखल झाला. मधला फरक महिन्याचा. पावशाच्या भरवशावर पेरणाऱ्यावर 2023 साली दुबार पेरणीचीच पाळी आली असती. पण भाकितं करता येत नाहीत म्हणून त्याची नोंदच ठेवायची नाही, हेही मला पटत नाही. तो पहिल्यांदा कधी ओरडला, ऐन भरात कधी आला, गप्प कधी झाला, या तीन तारखा गावोगावच्या आणि वर्षानुवर्षांच्या मिळाल्या तर त्यातून काहीतरी कळेल. एका वर्षीच्या एका आरोळीतून काही कळत नाही.

इथे एक गोष्ट वाचकांना सांगून ठेवायला हवी. कोकीळ फाल्गुनात ‘आला’ असं आपण म्हणतो, पण तो गेलेलाच नसतो. थंडीत गप्प असतो, आणि काळा नर असो की ठिपक्यांची मादी, दोघंही दाट पानांत बसत असल्याने नजरेला पडत नाहीत. पावशाचंही बरंचसं तसंच. म्हणून ‘ऐकला’ आणि ‘दिसला’ हे दोन रकाने वेगळेच हवेत. (कोकिळाचं कौतुक करणाऱ्यांनी वैशाखात पहाटे तीनला आमच्या आंब्याखाली झोपून दाखवावं. कावळ्यांची घरटी होईपर्यंत त्याला दम नसतो.)

चातकाचं मात्र निराळं. तो खरोखरीचा प्रवासी. आफ्रिकेकडून अरबी समुद्र ओलांडून पावसाच्या वाऱ्यांबरोबर, कधी त्यांच्या थोडा आधी, तो आपल्याकडे उतरतो. काळा-पांढरा, डोक्यावर शेंडी, उडताना पंखात पांढरा डाग. गावाबाहेरच्या बाभळींवर, विजेच्या तारांवर सहज ओळखू येतो. त्याची अंडीसुद्धा सातभाईंच्याच घरट्यात. त्या बिचाऱ्यांना सुट्टीच नाही. पावसाने गवत-झुडपं फोफावतात, सुरवंट होतात आणि इतर पाखरं टाळतात ते केसाळ सुरवंट हा आवडीने खातो. तेव्हा वाट बघत घशाला कोरड पडलेला चातक कवितेत ठीक आहे. इथे तो भरल्या ताटावर येतो. मान्सून महिनाभर मागेपुढे झाला तर चातकही मागेपुढे होतो का, हे विचारण्यासारखं आहे आणि त्याचं उत्तर तारखांशिवाय मिळणार नाही.

या सगळ्यासाठी रानात जायची गरज नाही. आमच्या परसात कडीपत्ता, शेवगा, एक जास्वंद आणि कपडे धुवायचा दगड, एवढंच आहे. त्या जास्वंदीवर शिंजीर, म्हणजे फुलांतला मध पिणारं इवलंसं पाखरू, येतो. दिवाळीच्या सुमारास नर पाहिलात तर मादीसारखाच मळकट पिवळा, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत शाईची रेघ ओढल्यासारखा गडद पट्टा. मग तो पट्टा रुंदावत जातो. खांद्यावर एक निळा ठिपका, पाठीवर एक, अंग असं ठिगळा-ठिगळांचं दिसतं की पाखरू आजारी आहे की काय वाटावं. माघ उलटेपर्यंत ठिगळं जुळतात आणि उन्हात जांभळी-निळी चमक मारायला लागते. त्याच दिवसांत तो कडीपत्त्याच्या शेंड्यावर बसून किरकिऱ्या आवाजात गायला लागतो, आणि जास्वंदीच्या फुलात वरून चोच घालायचे कष्ट न घेता बुडाशी भोक पाडून मध पळवतो. थर्मामीटर नसला तरी थंडी उतरल्याचं यावरून कळतं. यंदा पूर्ण रंगलेला नर पहिल्यांदा कधी दिसला, ही एक ओळ पोस्टकार्डावरही मावते.

धोबी पक्ष्याचंही तेच. हिमालयातून आणि त्याच्याही पलीकडून येणारा करडा धोबी भाद्रपदात कृष्णेच्या घाटावर शेपटी हलवत हजर असतो. गणपती विसर्जनाच्या गर्दीत त्याच्याकडे कोण बघणार! पांढरा धोबी त्यानंतर. परतायच्या आधी, फाल्गुन-चैत्रात, करड्या धोब्याच्या नराचा गळा काळा व्हायला लागतो. तो काळा गळा दिसला की निघायची तयारी झाली समजावं.

2020 पासून आपल्या राज्यात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांमधला हा आठवडा. शाळांत कार्यक्रम होतात, आपलं दैनिकही पान काढतं. चांगलंच आहे. पण तोवर बहुतेक पाहुणे येऊन बसलेले असतात. येण्याची वेळ भाद्रपद-आश्विनातली, जाण्याची फाल्गुन-चैत्रातली, आणि तेव्हा पेपरात पाखरांबद्दल अक्षर नसतं.

सामान्य माणसांच्या नोंदींना कोण विचारतो, असं कुणी म्हणेल. बंगळुरूहून 2007 मध्ये ‘मायग्रंटवॉच’ नावाचा उपक्रम सुरू झाला होता. हिवाळी पाहुणे पहिल्यांदा कधी दिसले, हेच तो लोकांना विचारत असे. 2023 साली देशभरातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल आला, तो 30,000 हून अधिक निरीक्षकांच्या सुमारे 3 कोटी नोंदींवर उभा होता. त्या ‘ई-बर्ड’ या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर भरल्या जातात. आमच्या शेजारच्या काकूंना किंवा पसरणीच्या शेतकऱ्याला ते जमणार नाही, पेपरला चार ओळी पाठवणं जमेल. आणि पसरणी घाटाच्या वर धुवांधार, खाली नुसती बुरबुर, असा आमचा भाग. इथे जिल्ह्याची एक तारीख धरून भागायचं नाही.

दोन विनंत्या आणखी. कावळ्याने घरटं आंब्यावर बांधलं की बाभळीवर, शेंड्याला की मध्ये, यावरून पाऊसमान सांगणारी बातमी मेमध्ये येते. वराहमिहिरापासून चालत आलेली समजूत आहे, जरूर छापा. पण झाड कोणतं, घरटं किती उंच आणि त्या वर्षी पाऊस किती झाला, हे दहा वर्षं ओळीने छापा, म्हणजे खरं-खोटं आपोआप बाहेर येईल. टिटवीच्या अंड्यांचंही असंच. दुसरं, घरट्याचा ठावठिकाणा आणि जवळून काढलेला फोटो कृपया छापू नका. मोबाइल घेऊन माणसं गोळा होतात आणि पाखरं घरटं सोडून जातात.

सदराचं नाव काहीही ठेवा. पक्षी, गाव, तारीख आणि दिसला की ऐकला, इतकं पुरे. ‘यंदा अजून नाही’ अशी नोंदही घ्यावी. ओळख पटत नसेल तर तालुक्यातले जाणकार तपासून देतील, असे दोघे-तिघे माझ्या माहितीत आहेत. धोबी भाद्रपदात येतील. सदर त्याआधी सुरू झालं तर घाटावरची नोंद मी पाठवते.

आपली,
एक वाचक, वाई (जि. सातारा)